कुंडीतल्या कागदी लिंबाला ताण: हस्त बहार घरच्या घरी

लिंबू सर्वात महाग मिळतं ते मार्च ते मे या दिवसांत, आणि घरच्या झाडावर नेमकं तेव्हाच काही नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच झाड लगडलेलं असतं. शेजारीपाजारी वाटून झालं, लोणचं घालून झालं, तरी लिंबं उरतात. उन्हाळ्यात मात्र सरबताला विकत आणावी लागतात. हे चक्र फिरवता येतं. शेतकऱ्याला ते अवघड जातं, पण गच्चीवर किंवा बाल्कनीत ड्रममध्ये लिंबू लावणाऱ्याला बरंच सोपं आहे. त्यासाठी झाडाला पावसाळ्याच्या शेवटी पाण्याचा ताण द्यायचा आणि योग्य वेळी तो तोडायचा. यातला प्रत्येक टप्पा इथे सविस्तर लिहितो आहे, कारण "महिनाभर पाणी बंद करा" एवढंच ऐकून लोक ताण देतात आणि त्यात चांगली चांगली झाडं वाळून जातात.

आधी बहारांचा हिशेब. लिंबाला वर्षात तीनदा फुलं येऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, त्याची फळं पावसाळ्यात येतात. जून-जुलैचा मृग बहार हिवाळ्यात फळं देतो. सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार उन्हाळ्यात हाताशी येतो. झाड आपल्या मर्जीवर सोडलं तर सर्वात जास्त फुलं आंबियाला लागतात आणि सर्वात कमी हस्ताला.

याचं कारण सरळ आहे. लिंबूवर्गीय झाडाला फुलण्याआधी वाढ थांबवणारी विश्रांती लागते. ती थंडीने मिळते किंवा कोरडेपणाने. डिसेंबर-जानेवारीत थंडी असते, मे महिन्यात जमीन कोरडी असते, म्हणून आंबिया आणि मृग आपोआप येतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थंडी नसते आणि माती ओली असते. श्रीगोंद्याच्या किंवा अकोल्याच्या लिंबू बागायतदाराला पाऊस काही थांबवता येत नाही, म्हणून त्याला जूनमध्ये जिब्रेलिक आम्ल, सप्टेंबरमध्ये सायकोसेल (ही दोन्ही झाडाची वाढ नियंत्रित करणारी रसायनं), ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम नायट्रेट हे खत असं फवारण्यांचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. आपला ड्रम मात्र सरकवून छपराखाली नेता येतो. घरच्या बागेला हा एवढा मोठा फायदा आहे आणि बहुतेकांना तो ठाऊकच नसतो.

युक्ती नवी नाही. सिसिलीतले शेतकरी एकोणिसाव्या शतकापासून जून-जुलैत लिंबाच्या बागांचं पाणी तोडतात, पानं मलूल झाली की भरपूर पाणी आणि खत देतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाड फुलतं आणि पुढच्या उन्हाळ्यात हिरवी लिंबं मिळतात. त्या फळांना तिथे 'वेर्देल्ली' असं वेगळं नावच आहे. तिथला उन्हाळा कोरडा, त्यामुळे ताण आपोआप बसतो. आपल्याला तो छपराखाली घडवायचा आहे.

ड्रममधला ताण जमिनीतल्या ताणापेक्षा वेगळा

लिंबाचं झाड पाणी कमी पडलं की नवी पालवी काढणं थांबवतं. जुनी पानं तरीही अन्न बनवत राहतात, ते वाढीत खर्च होत नाही, काड्यांमध्ये साठतं. याच काळात काडीवरचे डोळे पालवीऐवजी फुलांच्या तयारीला लागतात. पाणी परत मिळालं की ते फुटतात. या तयारीला वेळ लागतो, आणि ड्रममध्ये अडचण इथेच येते.

काळ्या जमिनीतल्या झाडाचं पाणी तोडलं तर माती हळूहळू वाळते. झाडाला ताण जाणवायलाच दोन-तीन आठवडे जातात आणि मग तो सावकाश चढत जातो. ड्रममधली माती पाच ते आठ दिवसांत कोरडी ठणठणीत होते. इतक्या लवकर पाणी दिलं तर डोळे तयार झालेले नसतात, झाड नुसती पालवी फेकतं. त्याच ड्रमला महिनाभर पाणी दिलंच नाही तर झाड मरतं. फ्लोरिडात ताहिती लिंबावर (मोठ्या, बिनबियांच्या लिंबाची जात) 1986 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोन आठवड्यांचा कडक ताण फुलं आणायला पुरला होता, सौम्य ताणाला त्याहून जास्त काळ लागला. घरी कडक ताणाच्या वाटेला जाऊ नये, त्यात झाड हातचं जातं. सौम्य ताण तीन-चार आठवडे टिकवावा. टिकवण्यासाठी मधूनमधून थोडंसं पाणी द्यावं लागतं, आणि ते किती व केव्हा हे पानाकडे बघून ठरवायचं.

कोणत्या झाडाला ताण द्यावा

गुटी कलमाचं (फांदीलाच मुळं फोडून तयार केलेलं) झाड असेल तर लावून किमान तीन वर्षं झालेली असावीत, बियांपासून वाढवलेलं असेल तर पाच. त्याआधी ताण देऊ नका. झाडाला पानं भरपूर हवीत, कारण फुलं आणि फळं पोसायची ती याच पानांच्या जिवावर. फांद्या शेंड्याकडून वाळत असतील, खोडातून डिंक येत असेल किंवा पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील तर यंदा ताण नको. खैऱ्या रोगाचे खरबरीत तांबूस ठिपके थोड्या पानांवर असतील तर चालेल, तेवढ्या काड्या कापून टाका.

झाडावर आधीची फळं असतील तर ऑगस्टच्या सुरुवातीला सगळी उतरवा, अगदी लहान असली तरी. फळं लटकलेली असताना दिलेल्या ताणात फळंही सुकतात आणि फुलंही कमी येतात. इथे बऱ्याच जणांचा हात चालत नाही, हे मला माहीत आहे. पण एका झाडाकडून एका वर्षात एकच मोठा बहार घ्यावा. दोन्हीच्या लोभात दोन्ही हलके येतात.

जून-जुलै: तयारी

जूनमध्ये नेहमीसारखं खत द्या: अर्ध्या कापलेल्या ड्रमला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. पावसात झाड पालवी काढेल ती वाढू द्या. जुलैच्या मध्यानंतर मात्र नत्राचं काहीही देऊ नका. युरिया नको, शेणपाणी नको, जीवामृतही नको. ऑगस्टमध्ये कोवळी पालवी असेल तर ताण नीट बसत नाही, कारण ती पालवी लगेच माना टाकते आणि जुन्या पानांना अजून काहीच झालेलं नसतं. पालवी गडद हिरवी, जाड आणि चकचकीत झाली की झाड तयार आहे असं समजा.

छाटणी अगदी थोडी: वाळक्या काड्या, आत घुसलेल्या फांद्या आणि खोडातून सरळ वर जाणारे पाणसोट. कलम केलेल्या जागेखाली फूट असेल तर ती मुळापासून काढा. शेंडे छाटू नका. लिंबाची फुलं पक्व काड्यांच्या शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यात येतात, शेंडे गेले तर बहारही जातो.

ऑगस्टचा मध्य: ड्रम छपराखाली

पंधरा ऑगस्टच्या आसपास ड्रम अशा जागी न्या जिथे पाऊस लागणार नाही पण ऊन लागेल. पूर्वेकडची किंवा दक्षिणेकडची बाल्कनी, पारदर्शक पत्र्याचा मांडव, जिन्याच्या छपराचा पुढे आलेला भाग यांतलं काहीही चालतं. घरात किंवा अंधाऱ्या पार्किंगमध्ये ठेवू नका. उजेड नसेल तर पानं अन्न बनवत नाहीत, मग ताणाचा उपयोगच काय?

ड्रम हलवणं अशक्य असेल तर मातीवर प्लास्टिक अंथरावं लागतं. खोडाभोवती ते छत्रीसारखं उतरतं बांधा, कडा ड्रमच्या बाहेर लोंबू द्या, म्हणजे पाणी बाहेरच पडेल. खोडाजवळ फट राहिली तर खोडावरून ओघळणारं पाणी आत जातं, तिथे सुतळीने घट्ट आवळा. उघडीप असेल त्या दिवशी प्लास्टिक काढून माती हवेशीर होऊ द्या, नाहीतर आत वाफ धरून मूळकूज होते.

ड्रम विटांवर उचलून ठेवा. खाली ताटली असेल तर काढून टाका. ड्रमच्या भोकांतून मुळं बाहेर येऊन गच्चीच्या भेगेत किंवा खालच्या चिखलात शिरली असतील तर ती कापा. वरून पाणी बंद आणि खालून चालू, असं असेल तर ताण कधीच बसणार नाही.

पाणी कमी करणं

एकदम तोडू नका. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मं पाणी द्या. दुसऱ्या आठवड्यापासून पूर्ण बंद, आणि रोज सकाळी सहा-सातच्या सुमारास पानं बघा. वेळ महत्त्वाची आहे. भर दुपारी ओल्या मातीतलं झाडही पानं मिटतं, त्यावरून काही ठरत नाही. रात्रभर विसावा घेऊनही सकाळी पान उघडलेलं नसेल तर तो खरा ताण.

पानं कशी बदलतात ते जवळून सांगतो. आधी चकाकी जाते. हिरवा रंग तोच राहतो, पण वरून राखेचा हात फिरल्यासारखा मंद दिसतो. मग पान मधल्या शिरेवर दुमडायला लागतं आणि दोन्ही कडा वर येऊन होडीसारखा आकार होतो. बोटांत धरलं तर कडकपणा गेलेला जाणवतो, पान वाकवलं तर मोडत नाही. पुढच्या पायरीला झाडाच्या आतल्या भागातली जुनी पानं पिवळी पडून गळायला लागतात. साधारण चौथा हिस्सा पानगळ म्हणजे ताण पूर्ण बसला. त्यापुढे जाऊ नये. काड्यांचे शेंडे काळपट होऊन सुकायला लागले, किंवा पानं न गळता झाडावरच कुरकुरीत वाळली, तर ताण जास्त झाला आहे. दिवस किती झाले ते न बघता त्याच संध्याकाळी पाणी सुरू करा.

मातीची खात्री करायची तर बांबूची काडी वीतभर आत खुपसून दहा मिनिटांनी काढा. कोरडी निघाली आणि तिला माती चिकटली नाही तर आत ओल राहिलेली नाही. लहान कुंडी असेल तर ती एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घ्या, चार दिवसांत हाताला सवय होते.

ताण टिकवणं

सकाळीही पान मिटलेलं दिसलं की त्या दिवसापासून मोजायला लागा. इथून तीन आठवडे झाड याच अवस्थेत ठेवायचं आहे. ज्या सकाळी पानं घट्ट दुमडलेली आणि मऊ वाटतील त्या सकाळी पूर्ण पाण्याच्या दहाव्या भागाएवढं पाणी द्या. पुरुषभर उंचीच्या झाडाच्या अर्ध्या ड्रमला दीड लिटर, अठरा इंची कुंडीला अर्धा लिटर. हे पाणी खोडाजवळ न ओतता कडेकडेने फिरवून द्या. दुसऱ्या दिवशी पान थोडं सैल पडेल, पण पूर्ण उघडणार नाही. पूर्ण उघडलं आणि चकाकी परत आली तर पाणी जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा. कडक ऊन असेल तर दर दोन-तीन दिवसांनी द्यावं लागेल, ढगाळ हवेत पाच-सहा दिवस लागणारही नाही.

या दिवसांत खत, फवारणी, खुरपणी काही नाही. कोरड्या मातीत खत पडलं तर क्षारांनी मुळं जळतात. गच्चीची फरशी तापत असेल तर ड्रमला बाहेरून पोतं गुंडाळा. मुळं वाळलेली चालतील, भाजलेली चालणार नाहीत.

मध्येच पाऊस आडवा आत आला आणि ड्रम भिजला तर काय? थोडा भिजला असेल तर चार दिवस जास्त धरा. चिंब भिजला आणि डोळे फुटायला लागले तर ताण तुटला असं समजून पुढच्या कामाला लागा. हुकलेला ताण पुन्हा पहिल्यापासून देत बसलं तर बहार नोव्हेंबरात जातो आणि फळं जूनच्या पावसात सापडतात.

ताण तोडणं

हस्त नक्षत्र 27 सप्टेंबरच्या आसपास लागतं. त्याच आठवड्यात ताण तोडा. या टप्प्यावर घाई केली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

पहिल्या दिवशी वरची दोन इंच माती खुरप्याने हलकेच मोकळी करा. त्याहून खोल जाऊ नका, अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. मोकळ्या मातीत दोन घमेली गांडूळखत, तीन मुठी निंबोळी पेंड आणि मूठभर लाकडाची राख मिसळा. रासायनिक खत द्यायचं असेल तर आठ दिवस थांबा, माती ओली झाल्यावर द्या.

मग आंबवणी, म्हणजे पहिलं हलकं पाणी. कोकोपीट मिसळलेली माती पूर्ण वाळली की पाणी धरतच नाही. वरून ओतलेलं पाणी ड्रमच्या कडेच्या फटीतून खाली जातं, भोकांतून धो धो बाहेर पडतं, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. त्यामुळे पाच लिटर पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाने लिटर-लिटर करून झारीने द्या. काडी खुपसून मधला भाग ओला झाल्याची खात्री करा. तीन-चार दिवसांनी चिंबवणी, त्यात खालून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. त्यानंतर नेहमीचं पाणी सुरू. एकदम भरपूर पाणी दिलं तर झाड भसाभसा पालवी काढतं, तयार झालेले डोळेही पालवीकडे वळतात आणि उरलीसुरली पानं गळून पडतात.

पाऊस उरकला असेल तर ड्रम आता पूर्ण उन्हात न्या.

फुलं आणि पुढचे सहा महिने

दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात. तीन ते चार आठवड्यांत पांढऱ्या कळ्या दिसतात. नुसतीच पालवी आली आणि कळी नाही, तर ताण कमी पडला किंवा जुलैनंतर कुठून तरी नत्र गेलं. आता त्यावर उपाय नाही. झाड वाढवा आणि जानेवारीच्या थंडीत आंबिया येतो का बघा.

नव्या पालवीवर दोन शत्रू हमखास येतात. नागअळी पानाच्या आत चंदेरी वेडीवाकडी रेघ काढते. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवीगार होते, रात्रीत एक फांदी साफ करते. ती हाताने वेचा, घरच्या झाडाला तेवढं पुरतं. नागअळीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, तोही कळ्या उमलण्याआधी. फूल उमललं की कुठलीही फवारणी बंद, मधमाश्या येत असतात.

फुलांचा खाली सडा पडेल, त्याने घाबरू नका. लिंबाची बहुतेक फुलं गळतातच. वाटाण्याएवढी झालेली फळं गळायला लागली तर मात्र पाण्यात चढउतार होतो आहे. ऑक्टोबरपासून फळं उतरेपर्यंत माती कधी कोरडी ठणठणीत आणि कधी चिखल असं होऊ देऊ नका. नोव्हेंबरात आणि जानेवारीत एकेक घमेलं गांडूळखत द्या. फेब्रुवारीपासून मातीवर उसाचं पाचट किंवा वाळकी पानं चार इंच अंथरा. मार्च-एप्रिलमध्ये ड्रमला रोज पाणी लागतं, विदर्भाच्या उन्हात दोन वेळा. एक दिवस विसरून दुसऱ्या दिवशी भरपूर दिलं की तयार फळांची साल तडकते.

फळ धरल्यापासून पाच ते सहा महिन्यांत तयार होतं. पिवळं होण्याची वाट बघू नका. साल पातळ, गुळगुळीत आणि फिकट हिरवी झाली की कात्रीने देठासकट कापा. ओढून तोडलं तर देठाजवळ साल फाटते आणि लिंबू चार दिवसांत सडतं.

झाड जमिनीत असेल तर

परसातल्या झाडाला हस्ताचा ताण देण्याच्या फंदात पडू नका, विशेषतः कोकणात आणि गोव्यात. त्याला आंबिया धरा. डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी बंद करा: मुरमाड जमिनीत तीन-चार आठवडे, काळ्या जमिनीत पाच-सहा. पानांच्या खुणा त्याच. आधी आजूबाजूचं पाणी शोधा, म्हणजे गळका नळ, मोरीचं पाणी, शेजारच्या हिरवळीचा फवारा. लिंबाची मुळं झाडाच्या घेराबाहेरही जातात आणि तिथून गुपचूप पाणी पितात. जानेवारीत त्याच पद्धतीने आंबवणी-चिंबवणी करून ताण तोडा.

मे अखेरीला शेवटची लिंबं उतरली की ड्रममधली वरची चार इंच माती काढून नवी माती आणि शेणखत भरा. झाडाने निम्म्याहून जास्त पानं टाकली असतील किंवा फांद्या उघड्या दिसत असतील तर येत्या ऑगस्टमध्ये त्याला छपराखाली नेऊ नका. वर्षभर नुसतं खाऊपिऊ घाला आणि जो बहार आपोआप येईल तो घ्या.